नऊ मैल आणि लाल फीत

वर्क्सवर्थ
६ जून १९१५

प्रिय वॉली,

मी आता शत्रू झाले आहे. थट्टा करत नाही. काल दुपारी सार्जंट ब्रेल्सफर्ड गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला आणि मुकादम डॉक्सींना म्हणाला, "मिसेस फोख्टशी दोन मिनिटं काम होतं." मला वाटलं, आईचं काही झालं. माग थांबवला आणि तशीच बाहेर पळाले. तर हा टोपी हातात घेऊन म्हणतो, "हेटी, शत्रूराष्ट्राच्या परक्यांच्या वहीत एक नाव चढवायचंय."

"कुणाचं?"

"तुझं."

"अरे, मी चर्चमागच्या गल्लीत जन्मले. शाळेत तू माझ्या वेण्या ओढायचास."

"मला ठाऊक आहे गं. हुकमाला ठाऊक नाही ना."

कायदा म्हणे असा आहे की बाई ज्याच्याशी लग्न करते त्याच्या देशाची होते. कॉनराड जर्मन, म्हणून मी जर्मन. मी म्हटलं, त्याला जाऊन चार वर्षं झाली. तर सार्जंट म्हणाला, नवरा गेला तरी ते जात नाही. ज्या देशाची वेस मी पाहिली नाही, ज्याची भाषा मला 'जेवायला ये' यापलीकडे येत नाही, त्या देशाची मी! इतके दिवस त्यानं डोळेझाक केली, पण गेल्या महिन्यात जर्मनांनी ते प्रवासी जहाज बुडवलं तेव्हापासून लोक चवताळले आहेत, आणि वरून याद्या मागवल्या जात आहेत. त्यानं माझी उंची मोजली, डोळ्यांचा रंग लिहिला, काळ्या शाईत माझी बोटं बुडवली. मागावर परत बसले तर विणत होते त्या फितीवर डाग पडायला लागले.

हे सगळं मी सोसलं असतं. पण यापुढे पाच मैलांच्या पलीकडे जायचं तर पोलिसांचा परवाना लागणार, आणि ऍशबोर्न नऊ मैल आहे. एप्रिलमध्ये आईचं डावं अंग गेलं तेव्हापासून मी दर शनिवारी गिरणी सुटली की जाते आणि रविवारी परत येते. आयडा मावशी सत्तरीची, तिला एकटीला आई उचलवत नाही. काल मी परवाना मागितला तर सार्जंट म्हणाला, अर्ज लिही, तो डर्बीला जाईल, तिकडून सही होऊन येईल. हा शनिवार तर तसाच गेला.

तू लंडनला सरकारी कचेरीत बसतोस. हे कुणाला सांगायचं ते मला सांग.

तुझी,
हेटी


लंडन
११ जून १९१५

प्रिय हेटी,

इतकी घाबरू नकोस. वाट आहे, आणि माझ्या नजरेसमोर आहे. जन्मानं इथली असलेली विधवा पुन्हा इथली होऊ शकते. रीतसर अर्ज करायचा, मंजूर झाला की प्रमाणपत्र मिळतं, आणि वहीतून नाव उडतं. तुझा जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि कॉनराडचा मृत्यूचा दाखला लागेल. शिवाय तुला ओळखणाऱ्या चार घरमालकांच्या सह्या. नातेवाईक चालत नाही, तेव्हा माझं नाव कुठेही घालू नकोस.

ज्या खात्यात हे जातं ते आमच्याच इमारतीत दोन मजले वर आहे. तू टपालानं परस्पर पाठवलंस तर ढिगाऱ्यात जाईल. माझ्याकडे पाठव. मी स्वतःच्या हातानं योग्य टेबलावर ठेवतो. महिना-दीड महिन्याचं काम आहे.

आईला माझा नमस्कार कळव. युद्धामुळे इथे सुटी म्हणून मिळत नाही.

तुझा,
वॉल्टर


वर्क्सवर्थ
२७ जून १९१५

प्रिय वॉली,

सोबत सगळे कागद. चार सह्या मिळवताना काय दमछाक झाली म्हणून सांगू! मुकादम डॉक्सींनी वाचायच्या आधीच सही केली. चॅपलच्या उपदेशकांनी वाचून केली. वाणी हँडली यांनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन केली, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून. चौथी सही मिसेस स्लॅक सुईणीची. म्हातारी म्हणाली, "कुठली म्हणून काय विचारतात? मी हिला पायाला धरून उलटी केली तेव्हा ही इंग्रजीतच रडली."

गिरणीतल्या बायकांना चेष्टेला विषय मिळाला आहे. फितीची रिळं गाडीत चढवताना एमी म्हणते, "हेटी, नीट विण गं, तुझ्याच फायलीला बांधतील." तू तिथे जी फीत रोज सोडतोस-बांधतोस ती बहुतेक इथलीच. म्हणायची लाल, पण आहे गुलाबी. रंगारी सांगतो की पूर्वी ती हिंदुस्थानातल्या करडईच्या फुलांनी रंगवायचे, मग जर्मनीचा तयार रंग आला. आता युद्धामुळे तो बंद, म्हणून म्हाताऱ्यानं जुन्या फुलांची पोती उघडली आहेत. त्या रंगाला कुणी वहीत नाही चढवलं.

मला एक सांग. कुठलंही सरकारी काम अडलं की लोक 'लाल फीत' म्हणून शिव्या घालतात. मी सोळा वर्षं ती विणते आहे. एवढ्याशा नाडीनं कुणाचं काय घोडं मारलं? हे नाव पडलं तरी कसं?

तुझी,
हेटी


लंडन
२० जुलै १९१५

प्रिय हेटी,

कागद पोचले. एक अडचण निघाली आहे. लग्नाच्या दाखल्यावर कॉनराडचं आडनाव फोख्ट आहे, मृत्यूच्या दाखल्यावर फोग्ट. दोघं एकच, असं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिहून द्यावं लागेल. क्षुल्लक वाटेल, पण प्रकरण अशाच ठिकाणी अडतं.

तुझा प्रश्न मी आमच्या हेडक्लार्कना विचारला. मि. पेनफोल्डना असलं सांगायला फार आवडतं. ते म्हणतात, मूळ स्पेनच्या बादशहाच्या दरबारातलं आहे, तीन-चारशे वर्षांपूर्वीचं. कागद इतके साठायचे की जे प्रकरण दरबारात ताबडतोब घ्यायचं ते तेवढं लाल फितीत बांधायचे. बाकीची साध्या सुतळीत. पुढे इतर राजांनी तीच तऱ्हा उचलली. मग वकिलांनी आणि कचेऱ्यांनी सरसकट सगळ्यालाच लाल फीत बांधायला सुरुवात केली. दुसऱ्या एका साहेबांचं म्हणणं, हे सगळं थोतांड, पद्धत मूळची आपल्या वकिलांचीच. खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. शिवी म्हणून मात्र ती गेली शंभर वर्षं तरी चालू आहे. माणसं दारात उभी असतात आणि त्यांना दिसतं ते एवढंच, की आत कुणीतरी फीत सोडतो आहे, कुणीतरी बांधतो आहे.

शपथपत्र लवकर पाठव.

वॉल्टर


वर्क्सवर्थ
१५ ऑगस्ट १९१५

प्रिय वॉली,

शपथपत्र सोबत आहे. मॅजिस्ट्रेट पंधरवड्यातून एकदा बसतात, पहिल्या खेपेला माझा नंबर यायच्या आधी जेवायला गेले. 'मी, हेस्टर फोख्ट, शपथपूर्वक सांगते की माझा नवरा हा माझा नवराच होता.' साधारण असंच काहीतरी लिहिलं आहे.

म्हणजे एके काळी लाल फीत म्हणजे 'आधी हे बघा' असं होतं तर. मग माझ्या कागदांना कुठली बांधली आहे? विचारून सांग.

जूनपासून मला दोनच परवाने मिळाले. पहिला मंगळवारचा होता, हातात पडला बुधवारी. मी सार्जंटकडे गेले.

"हा कालचा आहे."

"मलाही आज सकाळीच आला."

"मग आजची तारीख घाल."

"हेटी, तारखेत खाडाखोड केली तर माझी टोपी जाईल."

"आणि माझी आई?"

 खरं सांगायचं तर त्याला माझी कीव येते, आणि तेच मला सहन होत नाही. कुणी हाड्हुड् करणारा असता तर निदान भांडता आलं असतं.

दुसरा परवाना एका दिवसाचा होता. गेले, आईला न्हाऊ घातलं, चादरी धुतल्या आणि परत फिरले. तिची जीभ जड झाली आहे, पण डोकं शाबूत आहे. वॉली, तिनं मनात भलतंच घेतलं आहे. कॉनराडशी लग्न केलं तेव्हा तिनं आम्हाला दार लावलं होतं, आठवतं ना? आठ वर्षं. तिला वाटतं, त्याचा मी आता सूड घेते आहे. मी परवान्याचं सांगितलं तर तोंड फिरवून म्हणाली, "आपल्याच देशात चालायला कुणाला चिठ्ठी लागते का? यायचं नसेल तर सरळ सांग." तिला कसं पटवू? माझंच मला अजून पटत नाही.

तू तिला एक पत्र लिही. सरकारी माणूस आहेस. तू लिहिलंस तर तिला खरं वाटेल.

हेटी


लंडन
१४ सप्टेंबर १९१५

प्रिय हेटी,

घाईत लिहितो. वाणी हँडली डर्बीला राहायला गेल्याचं कळलं. तसं असेल तर ते आता तुमच्या गावचे घरमालक नाहीत आणि त्यांची सही धरता येणार नाही. चौथी सही नव्यानं घ्यावी लागेल. नमुना सोबत आहे.

इथे वातावरण बरं नाही. धीर धर. आईला लिहीन.

वॉल्टर


वर्क्सवर्थ
३ ऑक्टोबर १९१५

वॉली,

चौथी सही पाठवते आहे. शाळामास्तरांची. आता हेही गाव सोडून गेले किंवा मेले तर मी कबरस्तानातून सह्या गोळा करीन.

आईला तुझं पत्र गेलेलं नाही. मावशी म्हणाली.

हे मला कसं कळलं ते ऐक. गेल्या रविवारी मी परवान्याशिवाय गेले. तीन आठवडे परवाना नव्हता आणि मावशीचा निरोप आला होता की आई अन्न घेत नाही. पहाटे निघाले, मोठा रस्ता टाळला, मेंढ्यांच्या कुरणांतून, दगडी कुंपणं ओलांडत गेले. स्कर्ट फाटला. आईनं माझ्या हातून अर्धी वाटी ओटची पेज घेतली. माझ्या फाटक्या स्कर्टकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चोरासारखी का आलीस?" मी म्हटलं, "चोरासारखंच यावं लागतं आता." तिला हसू आलं. फार दिवसांनी हसली.

परतताना पुलावर एका नव्या शिपायानं हटकलं. नाव सांगितलं. फोख्ट ऐकल्याबरोबर त्यानं माझा दंड धरला. सोमवारी मला मॅजिस्ट्रेटसमोर उभी केली. सार्जंट ब्रेल्सफर्डनं माझ्या बाजूनं सांगितलं, म्हणून ताकीद देऊन सोडलं. पुन्हा सापडले तर तुरुंग. मी विचारलं, "महाराज, माझा अर्ज जूनपासून लंडनला पडलाय, त्याचं काय?" ते म्हणाले, "तो मंजूर होईपर्यंत तुम्ही जर्मन आहात."

मला आता अर्जाचा नंबर हवा. मीच त्या खात्याला लिहिते. उलट टपाली नंबर कळव.

हेटी


लंडन
९ ऑक्टोबर १९१५

प्रिय हेटी,

तू हे काय करून बसलीस? कोर्टात नाव आलं म्हणजे ते वर्तमानपत्रात येतं. तिथे तू माझं नाव घेतलंस का? माहेरचं आडनाव लिहून घेतलं का त्यांनी? मला ताबडतोब कळव.

परस्पर मुळीच लिहू नकोस. प्रकरण नाजूक टप्प्यावर आहे. मधे कुणी तगादा लावला तर साहेब चिडून सगळंच बाजूला सारतात, मी रोज पाहतो. नंबर बाहेर द्यायची पद्धत नाही. माझ्यावर सोपव. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

तुझा,
वॉल्टर


वर्क्सवर्थ
३० नोव्हेंबर १९१५

वॉल्टर,

आई गेली ते तुला मावशीच्या तारेनं कळलं. तू आला नाहीस. सुटी नसेल.

एकोणीस तारखेला, शुक्रवारी निरोप आला की आता काही खरं नाही. मी चौकीवर गेले. सार्जंट म्हणाला, डर्बीहून सही यायला सोमवार उजाडेल. मी तिथे बाकावर बसले. रडायलाही त्राण नव्हतं.  मग सार्जंट उठला, खुंटीवरचा कोट घातला आणि म्हणाला, "चल. परक्या बाईवर नजर ठेवणं माझं कामच आहे. तू ऍशबोर्नला जाणार, मी नजर ठेवत बरोबर येणार. मग परवाना कशाला?" त्यानं आपल्या मेहुण्याची घोडागाडी जोडली. नऊ मैल त्यानं घोडं पळवत नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा मावशीनं आईची हनुवटी बांधली होती. अर्धा तास झाला होता जाऊन.

मावशी सांगत होती, शेवटचे दोन दिवस ती एकच म्हणत होती. "हेटीनं मला माफ नाही केलं."

आता दुसरी गोष्ट. पुरून आल्यावर मी त्या खात्याला पत्र लिहिलं. तू नको म्हणाला होतास, तरी. आठव्या दिवशी उत्तर आलं. चांगल्या, अदबीच्या भाषेत. त्याची नक्कल करून पाठवते:

'आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की, हेस्टर फोख्ट या नावाचा कोणताही अर्ज या खात्याकडे आलेला नाही. नोंदवह्या दोन वेळा तपासण्यात आल्या. आपण अर्ज करू इच्छित असल्यास नमुना सोबत जोडला आहे.'

वॉली, माझे कागद कुठे आहेत?

हेटी


लंडन
८ डिसेंबर १९१५

हेटी,

तुझे कागद माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होते.

चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ सांगतो.

जूनमध्ये तुझं पाकीट आलं तेव्हा मी ते खरंच वर नेणार होतो. त्याच सकाळी मि. पेनफोल्डनी सगळ्यांना उभं करून एक परिपत्रक वाचलं. ज्या कारकुनाचं शत्रूराष्ट्राच्या माणसांशी नातं असेल त्यानं आठ दिवसांत लेखी कळवावं. माझ्या शेजारी सात वर्षं बसणाऱ्या माणसानं कळवलं. त्याच्या आजीचं माहेर जर्मन. शनिवारी त्याची खुर्ची रिकामी होती. मी कळवलं नाही. तुझा जन्मदाखला वर गेला असता तर त्यावर ऑलसॉप आडनाव होतं, आणि आमच्या इमारतीत ऑलसॉप मी एकटाच.

मी मनात म्हटलं, आठवडाभर थांबू. मग महिनाभर. तुला काय सांगायचं हा प्रश्न आला तेव्हा ते मला अवघड गेलं नाही. चांगल्या अर्जात खोट काढायची हे माझं रोजचं काम आहे. आडनावातलं एक अक्षर, गाव सोडून गेलेला वाणी. खरंतर हँडलींच्या सहीनं काहीच बिघडत नव्हतं. सही केली त्या दिवशी ते तिथे राहत होते, एवढं पुरतं. सगळे दोष लालफितीवर जातात, हे मला ठाऊक होतं. तुला कधी संशय येणार नाही हेही. आम्हा लोकांना यापेक्षा चांगली लपायची जागा नाही.

आईला पत्र लिहायला तीनदा बसलो. तिला खरं लिहिलं असतं तर ती म्हणाली असती, मग तू काय करतो आहेस?

काल सकाळी मी पुडकं घेऊन दोन मजले चढलो. जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत. तिथल्या कारकुनानं फीत सोडली, चाळलं आणि म्हणाला, "सगळं व्यवस्थित आहे. इतके दिवस का थांबलात?" मग खाली येऊन मी मि. पेनफोल्डना लेखी दिलं की हेस्टर फोख्ट माझी सख्खी बहीण आहे आणि मी सहा महिने ते लपवलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "ऑलसॉप, हे जूनमध्ये सांगितलं असतंत तर तुमच्यासाठी शब्द टाकला असता." महिनाअखेर मला मोकळं करणार आहेत.

माफी मागायला तोंड नाही. घरी येऊ का, एवढंच विचारतो. नाही म्हणालीस तरी मला समजेल.

वॉली


वर्क्सवर्थ
९ जानेवारी १९१६

वॉली,

प्रमाणपत्र आलं. सत्तावीस डिसेंबरची तारीख आहे. तू कागद वर नेलेस त्या दिवसापासून वीस दिवस. मी बोटांवर तीनदा मोजलं. जूनच्या अखेरीला ते कागद वर गेले असते तर जुलै संपायच्या आत मी मोकळी असते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, अर्ध्याहून जास्त नोव्हेंबर. सोळा-सतरा शनिवार. सोळा-सतरा वेळा मी आईला न्हाऊ घातलं असतं, आणि पाचव्या-सहाव्या वेळेला तरी तिला पटलं असतं की मी रागावलेली नाही.

तुझं पत्र वाचून मी ते पेटीत टाकलं आणि महिनाभर उत्तर दिलं नाही. गिरणीत मागावर बसले की धागा तुटायचा. मुकादम डॉक्सींनी दोनदा तो जोडून दिला. कायद्याचा मला राग होता, डर्बीच्या सहीचा होता, पुलावरच्या त्या पोराचा होता. तो सगळा राग मी सहा महिने चुकीच्या दारावर आपटत होते. आणि तुला मात्र मी आईपाशी सांभाळून घेत होते. ती म्हणायची, वॉली लिहीत नाही. मी म्हणायचे, तो माझ्यासाठी धावपळ करतोय गं.

हे मी विसरणार नाही. विसरले असं खोटंही सांगणार नाही.

सार्जंट ब्रेल्सफर्डनं माझ्यासमोर वहीतलं नाव खोडलं. दोन रेघा मारल्या, मग तिसरी मारली. म्हणाला, "आता माहेरचं नाव लावून टाक, हेटी. लोकांची तोंडं बंद होतील." एमीचंही तेच म्हणणं. मी नाही लावणार. कॉनराड मला आठ वर्षांत एकदाही उणा शब्द बोलला नाही. त्याचं नाव सोडायला मला काही कारण दिसत नाही.

काल ऍशबोर्नला गेले. मोठ्या रस्त्यानं, भर उजेडात. पुलावर तोच शिपाई होता. मी स्वतःहून थांबले, त्याला प्रमाणपत्र दाखवलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "बरं आहे बाई, जा." एवढंच. आईच्या मातीवर अजून गवत धरलेलं नाही. तिथे मी तिला सगळं सांगितलं. तुझंही सांगितलं. तिच्यापासून काही लपवायचं आता कारण उरलेलं नाही.

तू विचारलंस, येऊ का. मावशीला लाकडं फोडायला माणूस हवं आहे, आणि खाणीच्या कचेरीत हिशेबनीस शोधताहेत. मी तुझ्याशी लगेच पहिल्यासारखं बोलू शकणार नाही. जेवायला वाढीन. बाकीचं कधी, ते मला माहीत नाही.

मंगळवारच्या दुपारच्या गाडीनं ये. मी स्टेशनावर असेन. त्या वेळी बाजाराची माणसं असतात, हँडलींची जुनी गिऱ्हाइकं असतात, चॅपलचे लोक असतात. कुणीतरी विचारेलच. गाडीतून उतरलास की माझ्याजवळ ये, टोपी काढ आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांग, की ही हेस्टर फोख्ट, माझी बहीण.

तेवढं जमणार असेल तर ये.

हेटी